रोमहून माहीमपर्यंत : एका प्रतिमेचा प्रवास

बुधवार उजाडला की मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चकडे जाणारे रस्ते सकाळपासूनच गजबजू लागतात. मेणबत्त्या आणि फुलांचे हार घेऊन येणाऱ्या या भाविकांत ख्रिस्ती असतात, तसेच अन्य धर्मीयही मोठ्या संख्येने असतात. नऊ बुधवार न चुकता येण्याचा नेम अनेकांनी धरलेला असतो. ज्या प्रतिमेपुढे ही गर्दी नतमस्तक होते, ती 'निरंतर साहाय्य करणाऱ्या माते'ची. तिचे मूळ चित्र रोममध्ये आहे. मात्र एकेकाळी खुद्द रोमलाही त्याचा विसर पडला होता.

लाकडी फळीवर रंगवलेले हे चित्र जेमतेम ५४ सेंटिमीटर उंचीचे आहे. शैली बायझंटाईन, पार्श्वभूमी सोनेरी. मरियेच्या कडेवर बाळ येशू आहे. दोन्ही बाजूंना मायकल आणि गॅब्रिएल हे देवदूत भाला, क्रूस, खिळे अशी त्याच्या भावी यातनांची साधने घेऊन उभे आहेत. ती पाहून घाबरलेल्या बाळाने आईचा हात दोन्ही हातांनी धरला आहे. त्याच्या पायातली एक वहाण निसटून लोंबते आहे. आईची नजर मात्र पाहणाऱ्यावर खिळलेली आहे. भयभीत लेकराने आईला बिलगावे, हा या चित्राचा आशय कोणालाही उलगडून सांगावा लागत नाही.

परंपरा सांगते, की एका व्यापाऱ्याने हे चित्र क्रीट बेटावरून चोरून रोमला आणले. मरतेसमयी त्याने ते एखाद्या चर्चला देण्याची विनंती मित्राला केली. पण मित्राच्या पत्नीला ते सोडवेना. अखेर मरियेने तिच्या लहानग्या मुलीला दर्शन देऊन आपली जागा सांगितली, अशी श्रद्धा आहे. १४९९ मध्ये सेंट मॅथ्यू चर्चमध्ये चित्राची स्थापना झाली आणि सुमारे तीनशे वर्षे तेथे त्याची भक्ती चालली.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम ताब्यात घेतले. त्या धामधुमीत हे चर्च जमीनदोस्त झाले. ऑगस्टिनियन संन्याशांनी चित्र वाचवले खरे, परंतु पुढे ते त्यांच्या मठातील एका खासगी प्रार्थनागृहात पडून राहिले. ना उत्सव, ना भाविक. वृद्ध बंधू ऑगस्टिनो ओर्सेत्ती यांना तेवढी जुन्या दिवसांची आठवण होती. वेदीसेवेसाठी येणाऱ्या मायकेल मार्ची नावाच्या मुलाला ते या चित्राची थोरवी पुन्हा पुन्हा सांगत.

हाच मुलगा पुढे रिडेम्प्टोरिस्ट संघात धर्मगुरू झाला. योगायोग असा, की या संघाने १८५५ मध्ये रोममध्ये घेतलेल्या जागेतच पूर्वी सेंट मॅथ्यू चर्च उभे होते. १८६३ मध्ये एका येशूसंघीय धर्मगुरूने प्रवचनात या हरवलेल्या चित्राचा उल्लेख केला, आणि ते कोठे आहे हे मार्ची यांना ठाऊक होते! प्रकरण पोप नववे पायस यांच्यापर्यंत गेले. डिसेंबर १८६५ मध्ये त्यांनी चित्र जुन्या जागी परत नेण्याची आज्ञा दिली. २६ एप्रिल १८६६ रोजी मिरवणुकीने ते तेथील नव्या सेंट अल्फॉन्सस चर्चमध्ये विराजमान झाले.

त्यानंतर रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंनी या चित्राच्या प्रती देशोदेशी नेल्या. विसाव्या शतकात तिला साप्ताहिक नोव्हेनाची जोड मिळाली. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करावयाची प्रार्थना. लॅटिनमधील 'नऊ' या शब्दावरून हे नाव आले. माहीमला फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी ८ सप्टेंबर १९४८ रोजी नोव्हेनाचा प्रारंभ केला. तो दिवस मरियेच्या जन्मोत्सवाचा होता आणि वारही बुधवारच होता. १९७३ मध्ये चर्चची नवी वास्तू उभी राहिली, तरी बुधवारचा नेम टिकून राहिला.

नोव्हेनामध्ये भाविकांची पत्रे वाचली जातात. कोणाचे आजारपण, कोणाची नोकरी, कोणाचे रखडलेले घर. काहींचे गाऱ्हाणे, काहींचे आभार. एका वृद्ध संन्याशाने एका मुलाला सांगितलेल्या आठवणीमुळे जे चित्र परत मिळाले, त्याच्या प्रतीपुढे मुंबईकर आपली सुखदुःखे अशी दर बुधवारी मोकळी करतात.