डेटॉलच्या बरणीतले सैनिक

1987 साली इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीने एक खोका विकायला काढला. आत प्लास्टिकचे 30 ‘स्पेस मरीन’ सैनिक होते, सुट्या भागांत; जोडायचे आणि रंगवायचे ज्याचे त्याने. शाळकरी हातांनी ते रंगवले, म्हणजे बहुतेक वेळा थापलेच. चिलखतावरच्या खाचा, पट्ट्यांची बक्कलं, हाताची बोटं सगळं जाड थराखाली गेलं. तीच जुनी खोकी आज संग्राहक जुन्या बाजारातून शोधून घेतात, आणि रंगवायला बसण्याआधी त्यांना एक काम उरकावंच लागतं. आधीचा रंग उतरवायचा, तोही खालच्या अंगठ्याएवढ्या माणसाला इजा न करता.

शिशाच्या शिपायांच्या काळात हे काम सोपं होतं. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने 1893मध्ये पोकळ ओतीव शिपाई बनवायला सुरुवात केली. शिसं कमी लागे, किंमत उतरे, त्यामुळे खेळण्यातलं सैन्य साध्या घरांतही पोचलं. एच. जी. वेल्स यांनी 1913मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशाच शिपायांच्या लढाईचे नियम लिहून काढले. या शिपायांवर तैलरंग असे. तो काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी किंवा सुताराकडचं रंग काढायचं औषध चाले. धातूला त्याचं फारसं काही होत नसे. धोका माणसाला होता: सोडा कातडी जाळतो, आणि जुन्या रंगात शिसं असायचं.

मग प्लास्टिक आलं. एअरफिक्सने 1959मध्ये छोटे सैनिक आणले ते मऊ पॉलिथिनचे. त्यांच्यावर रंग धरतच नसे. भाला जरा वाकला की टवके उडत. तेव्हा रंग टिकवायचा कसा, हीच चिंता होती. विमानांच्या प्रतिकृतींचे आणि पुढे मरीनसारख्या सैनिकांचे साचे मात्र कडक पॉलिस्टायरिनसाठी बनले. त्यावर रंग घट्ट बसतो, बारकावेही सुरेख उठतात. पण नखांचा रंग काढायच्या ॲसिटोनमध्ये बुडवला तर हा सैनिक वितळून चिकट गोळा होतो. जोडायचा गोंदही प्लास्टिक विरघळवूनच सांधा धरतो, मग जालीम द्रावणात आख्खी मूर्ती कशी टिकणार?

इथे इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावाची गोष्ट येते. हंबर खाडीच्या काठी वसलेल्या या गावात 1919मध्ये हंबर ऑइल कंपनी निघाली. तिचेच ‘हंब्रॉल’ इनॅमल रंग. छोट्या डब्यांतल्या या रंगांनी ब्रिटनमधल्या कित्येक पोरांची विमानं रंगली. त्याच गावातल्या रेकिट कंपनीने 1930च्या दशकाच्या सुरुवातीला डेटॉल बाजारात आणलं. लंडनच्या क्वीन शार्लट प्रसूतिगृहात बाळंतिणींच्या ज्वराविरुद्ध ते वापरलं गेलं. आपल्याकडे गुडघा फुटला की घरोघरी निघते ती हीच बाटली. मूर्तींवरचा रंग उतरवायला ती वापरता येते, हे ब्रिटनमधल्या छंदिष्टांनी अनुभवातून शोधून काढलं आणि एकमेकांना सांगितलं. कुठल्याही कारखान्याने त्यासाठी ती बनवली नव्हती.

भारतात मिळणाऱ्या डेटॉलच्या बाटलीवर क्लोरोझायलेनॉलबरोबर टर्पिनिऑल आणि अल्कोहोल छापलेलं असतं. जंतू मारणारा घटक पहिला. रंग सैल करण्यात मोठा हात उरलेल्या दोघांचा. ॲक्रिलिक रंग पाणी उडून वाळतो, त्याची साय या द्रावकांनी फुगते आणि प्लास्टिकवरून सुटते. पॉलिस्टायरिन मात्र शाबूत राहतं. 1980च्या दशकात गेम्स वर्कशॉपचे ‘सिटाडेल’ हे ॲक्रिलिक रंग आले आणि या युक्तीला खरे दिवस आले. जुनं इनॅमल तितकं सहज हार मानत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. म्हणजे हलच्या औषधाला हलचाच रंग सर्वांत जड जातो.

मूर्ती पातळ न केलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात आणि जुन्या टूथब्रशने घासतात. पाणी इतक्यात लावायचं नाही. पाणी लागलं की डेटॉल दुधाळ होतं, सुटलेला रंग डिंकासारखा चिकट होऊन पुन्हा खाचांत बसतो. म्हणून आधी डेटॉलमध्येच घासून घ्यायचं, पाणी अगदी शेवटी. पहिल्यांदा करणारा बहुधा इथेच चुकतो.

अमेरिकेत हेच काम पाइन-सॉलकडून करून घेत. 1929मध्ये मिसिसिपीत जन्मलेलं हे फरशी पुसायचं औषध पाइनच्या तेलावर चालायचं. पुढे कंपनीने ते तेल काढून टाकलं आणि छंदिष्टांचं हक्काचं हत्यार बोथट झालं. काहींनी मोटारीचं ब्रेक ऑइल वापरलं. ते रंग उतरवतं, पण विषारी आहे. रेझिनच्या मूर्तींना यातलं काहीही फार वेळ सोसत नाही, त्या फुगतात, मऊ पडतात. त्यांच्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं, तेही थोडाच वेळ आणि नजर ठेवून. धातूच्या मूर्तींसाठी लोकप्रिय असलेली डायक्लोरोमिथेनची औषधं तर दुकानांतूनच गेली. त्याच्या वाफेने माणसं दगावली होती. युरोपीय संघात डिसेंबर 2011पासून आणि अमेरिकेत 2019पासून घरगुती ग्राहकांना ती विकता येत नाहीत.

हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि घरात मांजर असेल तर बरणीला घट्ट झाकण हवंच, कारण क्लोरोझायलेनॉल मांजरांना विषारी ठरतं. आणि हाती आलेला शिपाई विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातला, मूळ रंगासह असेल तर तो बरणीत मुळीच टाकू नये. तो रंग कारखान्यात कुणीतरी हाताने दिलेला आहे, टवके उडालेले असले तरी. आणि संग्राहक त्याचीच किंमत मोजतात.