दुष्काळाला निधी, साथीला हुकूम

शके १९४२ चा गुढीपाडवा २५ मार्च २०२० रोजी आला आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच ठरला. आपल्या मंडळाच्या इतिवृत्तात त्या तारखेपुढे 'कार्यक्रम रद्द' एवढे दोनच शब्द आहेत. पुढील पानावर मात्र एक छोटा जमाखर्च आहे. पाडव्याच्या भोजनासाठी जमलेली वर्गणी तांदूळ, डाळ, तेल आणि गॅसची सिलिंडरे यांवर खर्ची पडली, असे त्यात नमूद आहे. ज्यांच्यासाठी हा खर्च झाला त्यांत सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या धंद्याकरिता इकडे आलेले काही तरुण होते. दुकाने बंद, गाड्या बंद आणि शिधापत्रिका गावी, अशी त्यांची अवस्था होती.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुने दप्तर चाळताना आम्ही या पानापाशी थबकलो. मंडळाने जे केले ते शेजारधर्माला धरूनच होते. त्याची वाच्यता करण्याचे कारण नाही. परंतु त्या पानाने एक प्रश्न मनात उभा केला. महापूर, दुष्काळ, भूकंप यांप्रमाणे रोगाची साथ ही आपत्ती मानावी की नाही? आणि मानली, तर सरकारी तिजोरीवर आपद्ग्रस्ताचा हक्क कोणता? या प्रश्नाला महाराष्ट्रात व आपल्या या तमिळ भूमीत जवळजवळ दीड शतकाचा इतिहास आहे. तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ दुष्काळापासून करावा लागतो, कारण संकटाला सरकारी निधी प्रथम मिळाला तो दुष्काळाच्या निमित्ताने. १८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळाने मुंबई व मद्रास या दोन्ही इलाख्यांत लक्षावधी माणसांचा बळी घेतला. चेन्नईत लोकलगाडीच्या उन्नत मार्गाखाली आज जो काळवंडलेला बकिंगहॅम कालवा दिसतो, त्याचा अड्यार व कूवम या नद्यांना जोडणारा भाग १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणूनच खणला गेला. १८७८ साली सरकारने दुष्काळासाठी दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद ठरविली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळसंहिता तयार झाली. ठेवलेला पैसा इतरत्र वळविला जातो, मजुरी अपुरी असते, अशी टीका त्या काळीही होत असे व ती अनाठायी नव्हती. तथापि काम केव्हा काढावे, मजुरी किती द्यावी, सारा केव्हा तहकूब करावा, हे निदान कागदावर लिहिले गेले होते.

लिहिलेल्या कागदाचे मोल किती असते, हे १८९६ साली महाराष्ट्राने दाखवून दिले. त्या वर्षी पुन्हा अवर्षण झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून, संहितेतील तरतुदी मराठीत समजावून सांगितल्या. 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी तोच विषय लावून धरला. सवलत ही सरकारची मेहेरबानी नसून सरकारनेच लिहून दिलेला शब्द आहे, असे शेतकरी मामलेदाराला सांगू लागला. हे सरकारला इतके झोंबले की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेण्यात आली.

याच सुमारास दुसरे संकट कोसळले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा रोगी ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. चार कलमांचा हा कायदा अवघ्या दोन-तीन पानांत मावतो. माणसे तपासणे, अलग ठेवणे, प्रवास रोखणे, यांसाठी त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. खर्चाविषयी मात्र त्यात एकच वाक्यांश आहे: झालेला खर्च, व नुकसानभरपाई असल्यास तीही, कोणी व कशी सोसावी हे सरकार ठरवील. 'असल्यास' या एका शब्दात सारे आले. ज्याची चीजवस्तू जाळली, ज्याचे घर रिकामे केले, ज्याचा कर्ता पुरुष दगावला, त्याला मामलेदारापुढे ठेवता येईल अशी एकही ओळ या कायद्यात नव्हती. दुष्काळाला निधी होता. साथीला केवळ हुकूम होता.

पुढील प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्या गदारोळात शुश्रूषेचे काम करणारेही होते. टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालविले. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. मद्रास इलाख्याने आपला बचाव 'प्लेग पासपोर्टा'ने केला. प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्या प्रवाशाला हा परवाना घ्यावा लागे व मुक्कामी पोहोचल्यावर काही दिवस नेमाने हजेरी द्यावी लागे. २०२० साली ई-पाससाठी खटपट करताना आपण आपल्या पूर्वजांच्याच वाटेने चाललो होतो, याची आम्हांस तेव्हा कल्पना नव्हती.

सरकारने पैसा खर्चिलाच नाही असे मात्र नव्हे. १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले व दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. या कामाचा उपयोग पुढील पिढ्यांना झाला. परंतु आजारी कुटुंबाच्या चुलीपर्यंत त्यातले काय पोहोचले? येथे एक मूळचीच अडचण ध्यानी घेतली पाहिजे. दुष्काळात माणसे एकत्र आणून, खडी फोडावयास वा कालवा खणावयास लावून मजुरी देता येते. साथीत माणसे एकत्र आणणे हाच धोका असतो. म्हणून साथीतील साहाय्य घरपोच जावे लागते, कामावाचून द्यावे लागते. आणि कामावाचून पैसा देणे त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या तत्त्वात सहसा बसत नव्हते.

१९१८ साली ही उणीव भयंकर रूपाने उघडी पडली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला आणि इन्फ्लुएंझाही आला. एकट्या मुंबई इलाख्यात मृतांची संख्या दहा लाखांवर गेली. देशातील मृत्यूंचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पुढे जातात. मुंबई शहरात औषधवाटपाचा व तात्पुरत्या दवाखान्यांचा मोठा भार नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या स्वयंसेवी संस्थांनी वाहिला. अवर्षणासाठी संहिता हाताशी होती, इन्फ्लुएंझासाठी नव्हती.

आता आपल्या तांबरमकडे वळू. लोकलगाडीने जाताना तांबरमच्या अलीकडे 'तांबरम सॅनेटोरियम' हे स्थानक लागते. डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी १९२८ साली येथे क्षयरोग्यांसाठी खाजगी आरोग्यधाम काढले. क्षय श्रीमंत-गरीब पाहत नाही, पण खाजगी उपचार पाहतात. १९३७ साली मद्रास सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. साथीचा खर्च सरकारने कायमचा अंगावर घेतल्याचे हे आपल्या अंगणातले उदाहरण होय.

याच रुग्णालयाच्या पुढील इतिहासाला एक मराठी धागा आहे. मद्रासमधील चर्मव्यवसायातील गायतोंडे या मराठी कुटुंबात जन्मलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी, १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात आपल्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्यासह, भारतातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा पुढे आणला. १९९० नंतरच्या दशकात इतरत्र दारे बंद होत असता तांबरमच्या रुग्णालयाने एड्सचे रोगी दाखल करून घेतले. औषधे निघाली होती, पण ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने देशातील आठ रुग्णालयांत ती विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्या आठांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते आणि तांबरमचे हे रुग्णालयही होते. सरकारी अंदाजपत्रकातील एका ओळीने किती प्राण वाचतात, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्सुनामीने या किनाऱ्याला झोडपले आणि पुढील वर्षी, २००५ साली, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीला त्याने कायद्याचा आधार दिला. सर्वसाधारण राज्यांत या निधीतील चारपैकी तीन हिस्से केंद्राचे व एक राज्याचा असतो. परंतु ज्या संकटांसाठी निधी वापरावयाचा, त्यांच्या यादीत चक्रीवादळ, अवर्षण, पूर, गारपीट इतकेच काय, पिकांवरची कीडसुद्धा होती. माणसांवरची साथ नव्हती.

ती उणीव १४ मार्च २०२० रोजी भरून निघाली. केंद्रीय गृहमंत्रालयाने, या निधीतून साहाय्य देण्यापुरते, कोविडला आपत्ती मानले. पहिल्या पत्रात मृताच्या कुटुंबास चार लाख रुपये देण्याचा उल्लेख होता. त्याच दिवशी निघालेल्या सुधारित पत्रातून तो गळाला. एप्रिलच्या आरंभी केंद्राने आपल्या हिश्शाचा पहिला हप्ता म्हणून सर्व राज्यांना मिळून ११,०९२ कोटी रुपये दिले. विलगीकरण, चाचण्या व उपकरणे यांवर निधीचा किती भाग खर्चावा याची मर्यादा सप्टेंबर २०२० मध्ये ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेण्यात आली. तमिळनाडू सरकारने २०२० साली तांदळाच्या शिधापत्रिकांवर एक हजार रुपये व शिधा दिला. २०२१ साली दोन हप्त्यांत चार हजार रुपये दिले. २ कोटींहून अधिक कुटुंबांच्या दारी, कामावाचून, पैसा पोहोचला. १८९७ साली जे अशक्य वाटत होते ते रेशन दुकानातील वहीने करून दाखविले. ज्यांची वही गावी होती ते मात्र बाहेर राहिले. आमच्या जमाखर्चाचे पान त्यांचेच आहे.

मृतांच्या कुटुंबांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. चार लाख दिल्यास निधीच संपून जाईल, असे केंद्राचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला. किती द्यावे हे प्राधिकरणाने ठरवावे; परंतु मृत्यूबद्दल सानुग्रह साहाय्याची शिफारस 'करील' असे कायदा म्हणतो, म्हणून ती करणे ऐच्छिक नव्हे. पुढे ५० हजार रुपये ठरले. मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नये, असेही न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली. त्यांच्या तुलनेत ही रक्कम अल्प आहे, हे सांगावयास नकोच. तरीही १८९७ च्या 'असल्यास'पासून २०२१ च्या 'करील'पर्यंतचे अंतर अल्प नाही.

हे अंतर कागदावर तुटले, तरी माणसापर्यंत पोहोचावयास मध्ये कोणी तरी लागते. आमच्यापैकी एका भगिनीचे वडील महाराष्ट्रात वारले. दाखल्यावर 'न्यूमोनिया' एवढाच शब्द होता. आपल्याला काही मागता येते हेच तिला ठाऊक नव्हते. मंडळातील दोघा निवृत्त सभासदांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रत काढली, चाचणीचा अहवाल शोधला आणि अर्ज भरून दिला. साहाय्य मिळाले. पैशापेक्षा, आपल्या वडिलांच्या मरणाचे खरे कारण सरकारदप्तरी नोंदले गेले, याचेच तिला समाधान वाटले. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगाव केले ते काम याहून वेगळे नव्हते.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी मंडळाला आमची एक सूचना आहे. गणेशोत्सवाच्या सामानाशेजारी कपाटात एक फाईल ठेवावी. तिच्यात आपत्ती साहाय्याचे दोन्ही राज्यांचे चालू नियम मराठीत लिहून असावेत, अर्जांचे नमुने असावेत आणि तांबरम परिसरात एकट्याने राहणाऱ्या मराठी मुलांची व वृद्धांची यादी दर पाडव्याला नवी करून लावावी. पुढचे संकट पूर असेल की साथ, हे सांगता येणार नाही. ते येईल त्या दिवशी मंडळाच्या वहीत 'कार्यक्रम रद्द' या दोन शब्दांखाली काय लिहावयाचे, ते आजच ठरवून ठेवता येईल.