'येणार कोण?' आणि मत कोणाला: पेडणे-डिचोलीतले अंदाजाचे गणित

कोण निवडून येणार याचा मतदाराचा अंदाज आणि त्याचे प्रत्यक्ष मत यांचा संबंध दुहेरी असतो. काही जण जिंकणाऱ्याकडे वळतात, म्हणजे वाऱ्याबरोबर जातात. काही जण आवडता उमेदवार येत नाही असे दिसले की 'मत फुकट कशाला घालवा' म्हणून दुसऱ्याला देतात. उलटेही घडते: ज्याला मत द्यायचे ठरलेय, तोच येणार असे वाटू लागते. म्हणूनच नाक्यावरचा अंदाज पुष्कळदा बोलणाऱ्याची इच्छाच असते.

अंदाज कुठे चुकतो?
गोवा विधानसभेत ४० जागा आहेत आणि एका मतदारसंघात सरासरी ३० हजारांच्या आत मतदार. काहीशे मतांनी निकाल फिरतो. पेडणे तालुक्यातल्या मांद्रेत २०१७ साली मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरले. डिचोली तालुक्यातल्या साखळीत २०२२ साली मुख्यमंत्री प्रमोद सावंत अवघ्या ६६६ मतांनी तरले. मुख्यमंत्री म्हणजे हमखास सीट, हे गणित इथे चालत नाही.

दुसरा अंदाज: सरकार कोणाचे?
पेडणेत २०१७ मध्ये मगोचे बाबू आजगावकर निवडून आले, भाजप सरकारात मंत्री झाले आणि २०१९ मध्ये भाजपमध्येच गेले. मांद्रेत पार्सेकरांना हरवणारे काँग्रेसचे दयानंद सोपटे २०१८ मध्ये भाजपवासी झाले. २०२२ मध्ये मगो तृणमूलसोबत लढला. तरी निकालानंतर मांद्रेचे जीत आरोलकर यांच्यासह पक्षाने भाजपला पाठिंबा दिला. डिचोलीचे अपक्ष डॉ. चंद्रकांत शेट्ये यांनीही तेच केले.

याचा परिणाम मतदाराच्या हिशेबावर होतो. अपक्ष किंवा छोट्या पक्षाला दिलेले मत इथे फुकट जातेच असे नाही. 'आपला माणूस शेवटी सरकारातच असणार' अशी अटकळ बांधून ते देता येते. पण सरकार बदलावे म्हणून मत देणाऱ्याची यात कोंडी होते. त्याचा उमेदवार जिंकतो, आणि मत मात्र पोचते ज्याला नको होते त्याच्याच पदरात.

कायदा काय सांगतो?
लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६-अ नुसार, निवडणूक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत एक्झिट पोल घेणे आणि प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिंट्यावरच्या पैजांना मात्र हे कलम लागू नाही.