वाळूतला तारामासा

वाळूच्या समुद्रतळात अर्धवट गाडून राहणारा कंटकचर्मी प्राणी. नावात मासा असला तरी याला कणा नाही आणि कल्लेही नाहीत. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर याची ॲस्ट्रोपेक्टेन इंडिकस ही जाती आढळते; ड्योडरलाइन यांनी तिचे वर्णन १८८८ मध्ये केले. पाच हात, तळहातावर मावेल एवढा आकार आणि हातांच्या दोन्ही कडांना फणीच्या दात्यांसारखे काटे.

खडकावरच्या तारामाशाच्या नालपादांना, म्हणजे नळीसारख्या पायांना, चूषक असतात. याचे नालपाद मात्र टोकदार असतात, कारण सुट्या वाळूत चिकटून धरायला काही नसतेच! ते वाळू बाजूला सारतात आणि प्राणी जागच्या जागी खाली उतरत दिसेनासा होतो. पाठीवर छत्रीच्या आकाराच्या सूक्ष्म काटेरी खुंट्यांची दाटी असते. त्यांच्याखालच्या पोकळीतून पाणी खेळते, त्यामुळे गाडून घेतल्यावरही श्वसन चालू राहते.

जेवणाची तऱ्हा त्याहून न्यारी. अनेक तारामासे जठर तोंडाबाहेर काढून भक्ष्य पचवतात. हा लहान शिंपले आणि गोगलगायी अख्ख्या गिळतो. गुदद्वार नसल्याने रिकामे शंख तोंडावाटेच बाहेर टाकतो.

लुइडिया मॅक्युलाटा हा याचा मोठा भाऊबंद. त्याला बहुधा आठ हात असतात.

बिलोलीजवळच्या मांजरा नदीत वाळू भरपूर, पण तिथे तारामासा सापडणार नाही. गोड्या पाण्यात एकही कंटकचर्मी जगत नाही.