मेणाचा पाय

माझ्या पायावरून दुसऱ्याच्या घरात भांडण लागलं, म्हणून हे लिहितो आहे.

२०१८ साली धानाच्या चुरण्याच्या वेळी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे सरकली आणि माझा डावा पाय चाकाखाली आला. नागपूरला ऑपरेशन झालं, रॉड बसला. पाच महिने मी खाटेवर होतो. डॉक्टर म्हणाले चालाल, पण बांधीत वाकून रोवणा आता विसरा.

माझा एक लहानपणचा दोस्त आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे तो दवाखान्यात कंपाउंडर झाला, तेव्हापासून गाव त्याला कंपाउंडरच म्हणतं. त्याच्या आज्यानं स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांच्या काळात ख्रिस्ती धर्म घेतला. ही मंडळी प्रोटेस्टंट. त्यांच्या प्रार्थनेच्या जागी भिंतीवर साधा लाकडी क्रूस असतो, त्यावर माणूसही कोरलेला नसतो. कंपाउंडरचा मुलगा मुंबईला नोकरीला लागला आणि त्यानं वसईची कॅथलिक मुलगी केली. लग्नात कोणी काही बोललं नाही. येशू तर दोघांचाही तोच.

२०१९ च्या दिवाळीत सून गावी आली, मला पाहायला घरी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काकाजी, तुमच्यासाठी मी मोतमाउलीला मेणाचा पाय वाहिला." वांद्र्याच्या टेकडीवर मरियेचं मोठं देऊळ आहे, माउंट मेरी. ८ सप्टेंबरच्या आसपास तिथं आठवडाभर जत्रा भरते. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात घेतो, घर पाहिजे तो मेणाचं घर घेतो, आणि माउलीसमोर ठेवतो. हिंदू, पारशी, मुसलमान सगळे जातात. सुनेनं माझ्यासाठी वीतभर पाय ठेवला होता आणि तिथं पेटवून विझवलेली अर्धी मेणबत्ती मला आणली होती.

मला गहिवरून आलं. कोण कुठली पोर! पण कंपाउंडरचं तोंड उतरलं. रस्त्यात तो तिला बोलला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला. "पाटील, माया आज्यानं ज्याच्यासाठी भावकी सोडली, तेच ही पोरगी घरात परत आनून रायली. मूर्तीला मेन वाहायचं, तर मंग मातामाय का वाईट होती?"

पुढं लॉकडाऊनमध्ये मुलगा-सून गावीच आले. सुनेच्या पेटीतून मरियेची हातभर मूर्ती निघाली आणि टीव्हीच्या फळीवर बसली. त्या दिवसापासून कंपाउंडर आपलं ताट घेऊन छपरीत जेवायला लागला. सून म्हणे, "मामाजी, मी तिची पूजा करत नाही. आईला सांगतो ना, बाबांपाशी माझ्यासाठी शब्द टाक, तसं तिला सांगते." सासरा म्हणे, देवापाशी जायला दलाल कशाला? दोघंही माझ्याकडे यायचे, वेगवेगळे. पाय माझा, म्हणून पंचही मीच.

मी दहावी शिकलेला. पण खाटेवर पडल्या पडल्या वाचायची सवय लागली होती. कंपाउंडरनं त्याचं बायबल आणून दिलं आणि दहा आज्ञांवर बोट ठेवलं. कोरीव मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, असं तिथं आहेच. पण मी तिथं थांबलो नाही, पुढं वाचत गेलो, आणि मला पितळेचा साप सापडला. रानात इस्राएल लोकांना साप चावू लागले, तेव्हा देवानंच मोशेला सांगून एक साप करवला आणि खांबावर चढवला. त्याकडे पाहील तो वाचेल. म्हणजे मूर्ती देवाच्या हुकमानं झाली. कित्येक पिढ्यांनी हिज्कीया नावाच्या राजानं तोच साप फोडून टाकला, कारण लोक त्यापुढं धूप जाळायला लागले होते. साप तोच, पितळ तेच. बिघाड कधी झाला? कोणत्या सालच्या कोणत्या दिवशी? ते पुस्तकात नाही. आमच्या बांधावरचा सावलीचा दगड शेंदराचा कधी झाला, हे तरी कोणाला सांगता येतं?

हे भांडण आमच्या गावचं नाही, फार जुनं आहे. तिकडच्या बादशहांनी एकदा सगळ्या मूर्ती आणि चित्रं फोडायला लावली होती. मग ७८७ साली निकिया इथं, आजच्या तुर्कस्तानात, धर्मगुरूंची मोठी सभा बसली. तिनं ठरवलं की पूजा एकट्या देवाची. चित्राला द्यायचा तो मान, आणि तो मान चित्रात राहत नाही, ज्याचं चित्र त्याच्याकडे जातो. कॅथलिक लोक अजून हेच धरतात. त्यांच्यात पायऱ्या आहेत: संतांना मान, मरियेला सगळ्यांत वरचा मान, आणि पूजा फक्त देवाला. सून अडाणीपणानं बोलत नव्हती. कंपाउंडरही नाही. १५२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिक शहरात सुधारकांनी देवळांतून मूर्ती काढायला लावल्या, त्यांचं म्हणणं हेच होतं, की कागदावर मान लिहिता, पण गुडघा टेकणाऱ्या बाईला हा फरक कोण समजावतो? त्यावर १५६३ मध्ये ट्रेंटच्या सभेत कॅथलिकांनी मूर्ती ठेवल्या, पण मूर्तीच्या अंगातच शक्ती आहे असं मानू नका आणि तिच्या नावानं चाललेले गैरप्रकार बंद करा, असंही बजावलं. म्हणजे रोग त्यांनाही ठाऊक होता.

इथं मला जरा राग येतो, तो सांगून टाकतो. याच सुमारास गोव्यात पोर्तुगीज आमची देवळं पाडत होते. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, भक्तांनी रातोरात देव नेले. ज्यांच्या घरी मूर्ती म्हणजे मान, त्यांनी दुसऱ्याच्या मूर्तीला विचारलंसुद्धा नाही की तू मान आहेस का पूजा. आणि तेच बोलणं प्रोटेस्टंटांकडून त्यांना ऐकावं लागत होतं. माणसाला मूर्तिपूजा नेहमी शेजाऱ्याच्याच घरात दिसते.

त्याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज होता. १५७९ ला आला आणि मराठी शिकला. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं गेली होती, त्यांच्या कानाला काहीतरी हवं होतं. त्यानं स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. देव बदलला, पण ओवी राहू दिली. असे लोक कमी.

दुसरं माणूस आपल्याच वाटेवरचं. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला गाडीनं चालले होते. डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. ती गाडी आमच्या भंडारा रोड स्टेशनावरूनच जाते. मी लहान असताना त्या रुळांवर पैसे ठेवून चपटे करायचो, तेव्हा मला हे कुठं माहीत! १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, प्रोटेस्टंट मंडळीत. मूर्ती सुटल्या. पण तुकाराम सुटला नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत, आणि ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या चालीवर लिहीत. हे मी कंपाउंडरला विचारलं, "टिळक तुकारामाला मान देत होते, ती मूर्तिपूजा का?" तो म्हणाला, "नाही." "मग सुनेची मरिया?" त्यावर म्हणाला, "टिळकांनी तुकारामाला पाय नाही वाहिला." उत्तर खरं होतं. मी गप्प झालो.

पण त्यातून मला वाट दिसली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाचे खांदे शेकतो, हळद-लोणी लावतो, वर्षभर राबवलं म्हणून पाया पडतो. बैलाला कोणी पोरगा मागत नाही. तो मान. नवसाचं तसं नसतं, नवस फिटला नाही तर छातीत धडधड होते. जिथं वस्तू हलवायला हात भितो, तिथं मानाची बांधी संपून दुसऱ्याची सुरू झाली, असं मला वाटतं.

या मापानं पाहायला गेलो आणि मीच अडकलो. कंपाउंडरच्या घरी आज्याच्या काळचं बायबल आहे, पानं पिवळी पडून तुटायला आलेली. ते कोणी वाचत नाही. नातू तापानं फणफणला तेव्हा कंपाउंडरनं स्वतः ते कापडात गुंडाळून त्याच्या उशाखाली ठेवलं होतं. मी पाहिलं होतं. सून तर पाय ठेवून मोकळी झाली, पुढच्या साली जत्रेला गेलीही नाही, आणि त्याची तिला भीती वाटली नाही. आणि मी? ती अर्धी मेणबत्ती मी धानाच्या ढोलीत तळाशी ठेवली होती. त्या साली धान बरं झालं. पुढच्या साली ढोली झाडायला काढली तेव्हा बायकोनं ती बाजूला केली, तर मी ओरडलो तिच्यावर. मी, ज्याचा त्या मरियेशी काही संबंध नाही!

एका संध्याकाळी दोघांना सोबत बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. उशाखालच्या बायबलाचंही सांगितलं. कंपाउंडर बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. सून म्हणाली, "मामाजी, ते बायबल मी बांधून आणते भंडाऱ्याहून. पानं गळून रायली." तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

तेवढ्यात लाइट गेली. कंपाउंडर अंधारात म्हणाला, "आन गा, कुठं ठेवली ते मेनबत्ती." मी उठलो नाही. खरं सांगतो, उठवलंच नाही. शेवटी बायकोनंच ढोलीत हात घालून ती काढली, कंपाउंडरनं माचीस ओढली आणि आम्ही चौघं चहा प्यालो. सून सासऱ्याला वसईच्या आपल्या आज्याची गोष्ट सांगत होती, तो हूं हूं करत होता.

लाइट आल्यावर बोटभर मेण उरलं होतं. सकाळी पाहिलं, तर बायकोनं ते परत ढोलीत टाकलं होतं.