दोन राष्ट्रप्रमुख, सहा महिन्यांची मुदत : सान मारिनो प्रजासत्ताकाची कथा

१/ चारही बाजूंनी इटलीने वेढलेला एक स्वतंत्र देश आहे : सान मारिनो. क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ३५ हजारांच्या आत. या देशाला एकाच वेळी दोन राष्ट्रप्रमुख असतात आणि दर सहा महिन्यांनी ते दोघेही पायउतार होतात. या व्यवस्थेची मुळे तेराव्या शतकात आहेत. सत्तेवर इतका अविश्वास दाखवणाऱ्या या देशाला सत्तेपासून धोका झालाच नाही का? झाला, आणि तोही एकदा नव्हे.

२/ परंपरा सांगते की इ. स. ३०१ मध्ये राब बेटावरचा मारिनुस नावाचा ख्रिस्ती पाथरवट धर्मछळातून सुटण्यासाठी तितानो पर्वतावर येऊन राहिला. ही झाली दंतकथा. इतिहासाला पुरावा मिळतो तो मध्ययुगात. कुटुंबप्रमुखांची सभा, म्हणजे ‘आरेंगो’, गावाचा कारभार पाही. पुढे तिचे बहुतेक अधिकार ६० सदस्यांच्या महापरिषदेकडे गेले. १२४३ मध्ये दोन कॉन्सुल असल्याची नोंद सापडते. त्यांचेच वारस आजचे ‘कॅप्टन रीजंट’.

३/ दोनच का आणि सहाच महिने का? त्या काळच्या इटलीकडे पाहिले की उत्तर मिळते. शहरामागून शहर एखाद्या घराण्याच्या मुठीत जात होते. रिमिनीत मालातेस्ता, उर्बिनोत मोंतेफेल्त्रो. दोन्ही सत्ता सान मारिनोच्या उंबरठ्यावर. डोंगरावरच्या लोकांनी यावर साधा तोडगा काढला : सत्ता कोणाच्याही हातात मुरू द्यायची नाही.

४/ म्हणून दोघांचा अधिकार समान. एकाचा निर्णय दुसरा रोखू शकतो. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या ठरलेल्या दिवशी पदग्रहण. एकदा पद भोगलेल्या व्यक्तीला तीन वर्षे पुन्हा निवडून येता येत नाही. मुदत संपल्यावर नागरिक त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार नोंदवू शकतात आणि तिची चौकशी होते. १६०० साली लॅटिन भाषेत सिद्ध झालेल्या सहा भागांच्या कायदेसंहितेने राज्यकारभाराला लेखी चौकट दिली.

५/ हाच सावधपणा परराष्ट्र व्यवहारातही दिसतो. १४६३ मध्ये मालातेस्ताविरुद्धच्या युद्धानंतर काही गावे देशाला जोडली गेली. त्यानंतर सीमा वाढलेली नाही. १७९७ मध्ये नेपोलियनने मैत्रीबरोबर जादा भूमीही देऊ केली. मैत्री स्वीकारली गेली, भूमी नाकारली गेली. आज मिळालेल्या भूमीचा जुना मालक उद्या दारात उभा राहील, हे ओळखण्याइतके ते शहाणे होते.

६/ बाहेरचे संकट आले तेव्हा नागरिक उभे राहिले. १७३९ मध्ये कार्डिनल आल्बेरोनी याने देश ताब्यात घेतला आणि पोपशी निष्ठेची शपथ घेण्याची सक्ती केली. भर चर्चमध्ये काहींनी ती नाकारली. प्रकरण रोमपर्यंत पोहोचले आणि ५ फेब्रुवारी १७४० रोजी स्वातंत्र्य परत मिळाले.

७/ आतले संकट मात्र आवाज न करता आले. सगळे पहारे शिखरावर बसवलेले. घसरण झाली ती मधल्या पायरीवर. महापरिषदेतील रिकाम्या जागा परिषदेचेच सदस्य भरू लागले. कॅप्टन दर सहा महिन्यांनी बदलत, पण त्यांना निवडणारे वर्तुळ तेच राही. नावाला प्रजासत्ताक, व्यवहारात मोजक्या घराण्यांचा कारभार.

८/ त्यावर उपाय सापडला तो जुन्याच अडगळीत. २५ मार्च १९०६ रोजी कित्येक शतके निद्रिस्त असलेली आरेंगो पुन्हा बोलावण्यात आली. परिषद लोकांनी निवडावी, असा कौल कुटुंबप्रमुखांनी दिला. सुधारकांना नवी संस्था उभारावी लागली नाही. सोपवलेला अधिकार मूळ धन्याने परत मागितला, एवढेच.

९/ तरीही १९२३ मध्ये फॅसिस्ट सत्तेवर आले. या वीस वर्षांचा धडा सर्वांत कटू आहे. कॅप्टन पूर्वीप्रमाणेच दोन होते, सहा महिन्यांनी बदलतही होते. पण खरी सूत्रे पक्षप्रमुख जुलियानो गोझी याच्याकडे होती आणि परराष्ट्र सचिवाचे त्याचे पद काही सहा महिन्यांनी रिकामे होत नव्हते. विधी शाबूत राहिले, त्यांतला अर्थ गेला. १९४३ मध्ये इटलीत मुसोलिनी कोसळला आणि पाठोपाठ ही राजवटही.

१०/ १९५७ मध्ये तर पंचांगच रणभूमी झाले. १९४५ पासून सत्तेत असलेल्या कम्युनिस्ट-समाजवादी आघाडीतून काही सदस्य फुटले आणि विरोधकांचे संख्याबळ ६० पैकी ३१ झाले. नवे कॅप्टन निवडण्याची वेळ आली, तेव्हा सदस्यांकडून आधीच सही करून घेतलेले राजीनामे आघाडीने पुढे केले. कॅप्टननी परिषदच विसर्जित केली.

११/ ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री कॅप्टनची मुदत संपली. उत्तराधिकारी कोणी नव्हते. विरोधकांनी सीमेलगतच्या रोवेरेता येथील एका बंद कारखान्यात हंगामी सरकार स्थापले. इटलीने त्याला मान्यता दिली. एवढ्याशा देशात दोन सरकारे आणि दोन्हीकडे शस्त्रधारी माणसे! अखेर ऑक्टोबरमध्ये आघाडीने माघार घेतली आणि रक्तपात टळला. काटेकोर मुदत हे जिचे बळ, त्या व्यवस्थेला मुदतीनेच कोंडीत पकडले होते.

१२/ आणखी एक उणीव सर्वांत जास्त काळ टिकली. कुटुंबप्रमुखांच्या या लोकशाहीत स्त्रियांना स्थान नव्हते. मतदानाचा हक्क त्यांना १९६० मध्ये मिळाला, निवडणूक लढवण्याचा १९७३ मध्ये. १९८१ मध्ये मारिया लेआ पेदिनी या पहिल्या महिला कॅप्टन रीजंट झाल्या.

१३/ सान मारिनोकडे बहुतेकदा एक गमतीदार अपवाद म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात हा इतिहास गंभीर आहे. मुदत, विभागणी, चौकशी हे सगळे पहारे जागेवर असतानाही सत्ता दोनदा निसटली : एकदा घराण्यांकडे, एकदा पक्षाकडे. १९०६ मध्ये ती परत आली, कारण आपला अधिकार लोकांना आठवला.

१४/ त्या आठवणीची खूण आजही जिवंत आहे. नव्या कॅप्टननी सूत्रे हाती घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कोणताही नागरिक सार्वजनिक हिताचा अर्ज थेट त्यांच्याकडे देऊ शकतो. ग्राह्य ठरलेल्या अर्जावर महापरिषदेला निर्णय द्यावा लागतो. या अर्जाचे नावही जुनेच आहे : ‘आरेंगोचा अर्ज’.