आब्लोझे

आब्लोझे : जर्मनीत भाड्याचे घर सोडणारा भाडेकरू आपण बसवून घेतलेले स्वयंपाकघर, दिवे, पडदे, कपाटे, जमिनीवरचे लॅमिनेट इ. सामान जागेवरच ठेवून त्याबद्दल नव्या भाडेकरूकडून घेतो ती रक्कम. ऑस्ट्रियातही हीच संज्ञा रूढ आहे. नुसते घर रिकामे करून देण्यासाठी मागितलेल्या पैशाला आबश्टान्ट म्हणतात. कायद्याने आब्लोझेला मुभा आहे, आबश्टान्टला नाही. तंटे होतात ते दुसरी रक्कम पहिलीच्या नावावर खपवली जाते म्हणून.

मुंबई-पुण्यात ‘अनफर्निश्ड’ फ्लॅटलाही ओटा आणि सिंक असतेच. जर्मन शहरांत मात्र अनेक घरे स्वयंपाकघराविना भाड्याने दिली जातात. भिंतीतून बाहेर आलेली नळाची तोंडे, शेगडीसाठी विजेची जोडणी आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी, एवढ्यावर बाकीचे भाडेकरूने उभे करायचे. घर सोडताना हे सारे काढून जागा पूर्ववत करून देणेही सामान्यतः त्याच्याच माथी येते. पण त्या एका भिंतीच्या मापाने कापलेला, सिंकसाठी भोक पाडलेला ओटा दुसऱ्या घरात बसत नाही. काढून विकावे तर मातीमोल, जागेवर राहिला तर चांगला उपयोगी. म्हणून जाणाऱ्याला पुढच्या भाडेकरूच्या गळ्यात तो घालण्याची घाई असते.

म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्ट यांसारख्या टंचाईच्या शहरांत एका घरामागे इच्छुकांची रांग लागते. घर कोणाला द्यायचे हे मालक ठरवतो. तीन पर्यायी भाडेकरू सुचवले की त्यांतला एक मालकाला घ्यावाच लागतो, हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला गैरसमज आहे. मात्र घर दाखवणे आणि नावे सुचवणे बरेचदा जाणाऱ्या भाडेकरूकडे असते, आणि ‘किचन घेणार असाल तरच तुमचे नाव पुढे करतो’ ही अट तिथून येते. नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबाला ती घासाघीस न करता मान्य करण्यावाचून गत्यंतर वाटत नाही.

घरांच्या दलालीचे नियमन करणाऱ्या 1971 च्या कायद्यात 1993 साली कलम 4अ घालण्यात आले. घर सोडण्याबद्दल मोबदला देण्याचा करार त्याने निष्प्रभ ठरवला. जाणाऱ्याचा सिद्ध झालेला सामान हलवण्याचा खर्च तेवढा अपवाद. सामानाची खरेदी वैध आहे, पण भाडेकरार झाला तरच ती लागू होते, असे कायदा गृहीत धरतो. मालकाने नकार दिला तर ते किचन घेण्याचे बंधन राहत नाही. किंमत आणि मूल्य यांत उघड विसंगती असल्यास तेवढ्यापुरता करार रद्द होतो. उघड म्हणजे किती, हे संघीय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1997 मध्ये ठरवले : मूल्याच्या 50 टक्क्यांहून अधिक. समजा, किचनचे आजचे मूल्य 2,000 युरो आहे आणि घेतले 4,000. मग 3,000 पर्यंतची रक्कम विक्रेत्याकडे राहते आणि वरचे 1,000 परत मागता येतात. ही सवलत जाणाऱ्याच्या बाजूने बरीच सढळ आहे, असेच म्हणावे लागेल.

खरी ओढाताण मूल्यावर होते. विक्रेता जुने बिल पुढे करतो. घेणारा फुगलेल्या कडा, कलती दारे आणि जुन्या सामानाच्या बाजारातले भाव दाखवतो. वस्तूचे वय आणि झीज धरून आजची किंमत काढायची असते. पैसे परत मागणाऱ्यालाच मूल्य सिद्ध करावे लागत असल्याने, फोटो आणि यादी नसलेला दावा सहसा टिकत नाही. शिवाय विकत घेतलेले किचन घेणाऱ्याचे होते : ओव्हन बिघडला तर मालक दुरुस्ती करत नाही, आणि घर सोडताना ते काढण्याची जबाबदारीही आता त्याचीच.

मुंबईच्या पागडीशी याचे नाते दूरचे, पण खरे आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले, तेव्हा ती फर्निचर-फिटिंगच्या किमतीच्या नावाखाली घेतली जाई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 (अंमल 31 मार्च 2000) याच्या कलम 56 ने भाडेकरू व मालक या दोघांनाही अशी रक्कम घेणे कायदेशीर करून दिले. म्हणजे मुंबईने भाडेहक्काची विक्रीच मान्य केली. जर्मनीने ती नाकारून फक्त सामानाची विक्री ठेवली.

जर्मनीत घर घेणाऱ्याने वस्तूवार यादी, प्रत्येक वस्तूचे खरेदीवर्ष आणि किंमत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि मालकाची भाडेकरारावर सही होईपर्यंत एक युरोही देऊ नये. रक्कम आधीच देऊन झाली असेल, तर स्थानिक भाडेकरू संघटनेचे सभासद होऊन सल्ला घेता येतो.